पांडुरोग: लोहाआधी काय, लोहासोबत काय

रक्त कमी आहे म्हटलं की घरात पहिल्यांदा बीट येतं. पाठोपाठ खजूर येतो, आणि मग कुणीतरी सुचवलेली टॉनिकची बाटली. बीट लाल असलं तरी १०० ग्रॅममध्ये त्यात लोह असतं जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे महिनाभर कोशिंबीर खाऊनही रिपोर्ट तसाच राहतो. मग लोहभस्म सुरू होतं, तेही मनानेच.

आयुर्वेदात हा पांडुरोग. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा सोळावा अध्याय त्याच्यावर आहे आणि त्यात लोहाचे कल्प, म्हणजे तयार औषधं, भरपूर आहेत. पण लोहाची पाळी येते कारण दूर केल्यावर, भूक सुधारल्यावर आणि कोठा थोडा स्निग्ध झाल्यावर. हा क्रम चुकला की पोट दुखतं आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. खाली दिलेलं सगळं लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडूसाठी आहे. इतर रक्तविकारांत काय टाळायचं ते ओघात येईलच.

आधी रिपोर्ट वाचा

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) या तीन तपासण्या औषधाआधी करा, नंतर नाही. लोह सुरू झाल्यावर आकडे बदलू लागतात आणि मूळ कारण झाकलं जातं.

हिमोग्लोबिन प्रौढ स्त्रीत १२, गर्भवतीत ११ आणि पुरुषात १३ ग्रॅमच्या खाली असेल तर पांडू. ८ च्या खाली (गर्भवतीत ७ च्या खाली) तो तीव्र प्रकार. तिथे घरगुती उपायात दिवस घालवू नयेत, आधी रुग्णालय. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो १५ च्या खाली असेल तर लोह संपलंय यात शंका नाही. मात्र ताप, संसर्ग किंवा सांध्यांची सूज असताना फेरिटिन फसवं वाढतं, म्हणून अंगात ताप असताना ही तपासणी करू नका.

आता एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार. ८० च्या खाली असेल तर मुख्यतः दोन शक्यता उरतात: लोह कमी, किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार). दोन्हींत पेशी लहानच दिसतात. कागदावर एक सोपा भागाकार करता येतो. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षांत जो आकडा असतो त्याने) भागा. एमसीव्ही ७२ आणि पेशी ३.८ असतील तर उत्तर १९ च्या आसपास येतं, कल लोहाच्या कमतरतेकडे. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर ११ च्या आत. १३ च्या खाली उत्तर आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करून हिमोग्लोबिन ए-टू बघायचं, ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर निघालं तर मायनर समजायचं. हा भागाकार निदान नव्हे, पुढची तपासणी कोणती करायची एवढंच तो सांगतो. मायनर असलेल्या माणसाला फेरिटिन चांगलं असताना वर्षानुवर्षं लोह देत राहणं हा आपल्याकडे सर्रास होणारा घोळ आहे.

एमसीव्ही १०० च्या वर, जीभ गुळगुळीत, हातापायांना मुंग्या: हे बी-१२ कमी असल्याचं चित्र. शाकाहारी घरांत, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत, हे बरंच दिसतं. त्याला मांडूर (लोहाचं एक आयुर्वेदिक औषध) उपयोगी नाही. बी-१२ च द्यावं लागतं, आणि उशीर केला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं.

विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची प्राथमिक तपासणी, केल्याशिवाय कुठलाही लोहकल्प सुरू करू नये. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, लोह शरीरातच मोकळं होतं. वरचेवर रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या आणि थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णात तर लोह यकृतात आणि हृदयात साठत जातं. तिथे लोहभस्म म्हणजे आगीत तेल. सिकलसेलच्या रुग्णाचं हायड्रॉक्सियुरिया आणि फोलिक ॲसिड आयुर्वेदिक औषधासाठी थांबवू नये. त्याला भरपूर पाणी, थंडीपासून जपणं आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

रक्त जातंय कुठे?

निदान परिवर्जन, म्हणजे रोगाचं कारण (आयुर्वेदात त्याला निदान म्हणतात) दूर करणं, हा उपचाराचा पहिला भाग. सोप्या भाषेत, नळ गळत असेल तर टाकी भरत बसू नका.

बायकांत पाळीचा रक्तस्राव पहिल्यांदा विचारायचा. सात दिवसांहून जास्त चालणारी पाळी, दर तासा-दोन तासांनी पूर्ण भिजणारं पॅड, मोठ्या गाठी पडणं: यातलं काहीही असेल तर सोनोग्राफी करून घ्या. अशोक, लोध्र यांचे कल्प रक्तप्रदरात वापरतात, पण फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किती मोठं आहे हे कळल्यावर. मूळव्याधीतून थेंब थेंब जाणारं रक्त लोक लाजेने सांगत नाहीत, तेही विचारावं लागतं. पन्नाशीपुढचा पुरुष किंवा पाळी गेलेली बाई यांच्यात लोह कमी निघालं तर एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी टाळू नये. पोटातला व्रण किंवा आतड्याचा कॅन्सर अशा पांडूच्या आड दडलेला असू शकतो. लोह सुरू करण्याआधीच शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होत असेल तर हाच मुद्दा अधिक तातडीचा.

चरकाने पांडूचे पाच प्रकार केले आणि त्यात पाचवा माती खाण्याने होणारा धरला. हा प्रकार आजही जिवंत आहे. पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचा पोपडा, भाजलेली माती, मूठ मूठ कच्चे तांदूळ, फ्रिजमधला बर्फ. काय खावंसं वाटतं असं थेट विचारलं तरच उत्तर मिळतं. गंमत अशी की लोह कमी झालं की माती खावीशी वाटते, आणि मातीने लोह आणखी कमी होतं. सोबत जंत येतात. अनवाणी शेतात फिरणाऱ्यांत आकडी जंत आतड्याला चिकटून रोज रक्त पितात. वावडिंगाचं चूर्ण जंतांवर परंपरेने देतात, पण पांडू असताना आधी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घेऊन टाकावी हे बरं. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि पहिल्या तिमाहीतल्या गर्भवतीला मात्र डॉक्टरांना विचारूनच.

जेवणाबरोबरचा चहा हाही निदानातच धरा. चहातले टॅनिन धान्य-भाजीतलं लोह बांधून टाकतात. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी चहा-कॉफी नको, दोन तास झाले तर उत्तम.

भूक आणि कोठा

पांडूच्या रुग्णाची तक्रार बहुधा एकच असते: भूक लागत नाही, दोन घास खाल्ले की पोट फुगतं. अशा पोटात लोह टाकलं की मळमळ आणि बद्धकोष्ठ ठरलेलं. म्हणून पहिला आठवडाभर फक्त दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणं. जेवणाआधी पाव चमचा सुंठ कोमट पाण्यात, दुपारी जेवणानंतर पातळ ताजं ताक, त्यात भाजलेलं जिरं आणि चिमूट सैंधव. रात्रीचं जेवण हलकं, मुगाचं कढण आणि भात. जळजळ होणाऱ्याने सुंठेऐवजी धने-जिऱ्याचं पाणी घ्यावं.

त्यानंतर स्नेहन, म्हणजे औषधी तूप देऊन कोठा स्निग्ध करणं. यासाठी पांडूत पहिलं नाव दाडिमादी घृताचं. बाजारात तयार मिळतं, पण घरी करणं अवघड नाही आणि ताजं घृत चवीलाही बरं लागतं. पाव किलोच्या आतबाहेर करायचं तर प्रमाण असं:

गाईचं साजूक तूप २४० ग्रॅम
अनारदाणा (डाळिंबाचे वाळलेले दाणे) ४८ ग्रॅम
धने २४ ग्रॅम
चित्रकमूळ १२ ग्रॅम
सुंठ १२ ग्रॅम
पिंपळी ६ ग्रॅम
पाणी साधारण ७७० मिलिलिटर

चित्रकमूळ शोधन केलेलंच आणा, कच्चं अतितीक्ष्ण असतं. अनारदाणा चिकट असतो, त्यामुळे तो वेगळा कुटा. बाकीचं वस्त्रगाळ न करता जाडसर भरड ठेवलं तरी चालेल, फक्त त्यात थोडं पाणी घालून चटणीसारखा कल्क झाला पाहिजे. जाड बुडाचं, पसरट आणि मापापेक्षा तिप्पट मोठं पातेलं घ्या, कारण मधल्या टप्प्यात फेस वर चढतो. तूप वितळवून जरा निवू द्या, त्यात कल्क, मग पाणी. आच पहिल्यापासून मंद. घाईने मोठी आच केली तर पाणी उडून जातं, कल्क तळाला लागतो आणि तुपाला जळका वास येतो. असं तूप टाकून द्यावं लागतं. उलथन्याने तळ खरवडत राहा.

दीड-दोन तासांनी बुडबुड्यांचा आवाज बदलतो. पाणी असतं तेव्हा तो जाड, गदगदल्यासारखा असतो, संपत आलं की बारीक चरचर ऐकू येते. आता दर पाच मिनिटांनी चिमूटभर कल्क बाहेर काढून बोटांत वळून बघा. मऊ चिकट लगदा राहिला तर पाक कच्चा. वात सरळ वळली आणि बोटाला चिकटली नाही तर जमला. भुगा होऊन तुटली तर खरपाक, म्हणजे आच एक पाऊल पुढे गेली. पोटात घेण्याचं तूप मध्यम पाकावर उतरवायचं. तीच वात निरांजनाच्या ज्योतीवर धरा: तडतडली तर आत पाणी आहे. फेस बसलेला असणं ही तुपाची खूण. तेल सिद्ध होताना उलट फेस येतो, त्यामुळे तेल करण्याचा हात बसलेली माणसं इथे हमखास चुकतात. गरम असतानाच कोरड्या पंचातून गाळून काचेच्या बरणीत भरा. ओला चमचा घातला की आठ-दहा दिवसांत वास येऊ लागतो.

मात्रा सकाळी उपाशीपोटी एक छोटा चमचा, ५ ग्रॅम, वर कोमट पाणी. खरी भूक लागेपर्यंत काही खाऊ नये. दोन-तीन दिवसांत जीभ पांढरी झाली, अंग जड वाटलं किंवा तुपकट ढेकर आले तर पचत नाहीये: थांबा, परत चार दिवस सुंठ-ताक. पित्ताशयात खडे, कावीळ, फार वाढलेलं कोलेस्टेरॉल असेल तर हे घृत नको. चित्रकामुळे गर्भवतीने वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

ग्रंथात स्नेहनानंतर वमन-विरेचन (औषधाने उलटी आणि जुलाब करवणं) सांगितलं आहे, पण ते बळ असलेल्या रुग्णासाठी. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला तीव्र विरेचन देणं म्हणजे तिला आडवं पाडणं. रात्री भिजवलेल्या दहा-पंधरा काळ्या मनुका सकाळी पाण्यासकट कुस्करून घेतल्या तर कोठा पुरेसा मऊ राहतो. त्यापुढचं विरेचन वैद्याच्या देखरेखीखालीच.

मांडूर, लोह आणि त्यांची मापं

मांडूर म्हणजे लोखंड वितळवताना निघालेला जुना मळ. शंभर वर्षांचा जुना उत्तम मानतात. तो तापवून लाल करून गोमूत्रात पुन्हा पुन्हा विझवतात, मग भावना (औषधी रसात घोटणं) आणि पुटं (बंद भांड्यात भाजणं). लोहभस्मापेक्षा मांडूर पोटाला सौम्य, म्हणून लहान मुलं आणि नाजूक कोठ्याच्या माणसांत आधी तोच निवडतात. हे काम घरी करायचं नाही, कितीही व्हिडिओ बघितले तरी.

नवायस चूर्णाची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुंठ, मिरे, पिंपळी. हिरडा, बेहडा, आवळा. नागरमोथा, वावडिंग, चित्रक. ही नऊ द्रव्यं एकेक भाग आणि लोहभस्म नऊ भाग. म्हणजे निम्मं चूर्ण लोह आणि उरलेलं निम्मं भूक, कोठा, जंत सांभाळायला. २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अर्धा चमचा मध आणि एक चमचा तूप यात कालवून. मध-तूप समप्रमाणात नको. हे उष्ण आहे: जळजळ, तोंड येणं, जास्त पाळी जाणं या तक्रारी असतील तर त्याऐवजी धात्री लोह. त्यात आवळा आठ, लोहभस्म चार आणि ज्येष्ठमध दोन भाग, वर गुळवेलीच्या भावना. २५० ते ५०० मिलिग्रॅम जेवणाच्या सुरुवातीला. ज्येष्ठमध असल्याने रक्तदाब जास्त असणाऱ्याने फार दिवस घेताना तो तपासत राहावा.

पायावर आणि चेहऱ्यावर सूज असेल तर पुनर्नवा मांडूर. पुनर्नवेबरोबर त्यात निशोत्तर, त्रिकटू (सुंठ-मिरे-पिंपळी), त्रिफळा, देवदार, कुटकी अशी मोठी यादी, सगळ्यांच्या दुप्पट मांडूर आणि तो आठपट गोमूत्रात शिजवलेला. ज्यांना गोमूत्र नको असतं त्यांना हे आधी सांगायला हवं, डबीवर ते बारीक अक्षरांत असतं. २५० मिलिग्रॅमच्या एक-दोन गोळ्या दिवसातून दोनदा. अनुपान, म्हणजे ज्याबरोबर औषध घ्यायचं ते, ताक सांगितलंय. ताकातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात थोडं आड येतं, त्यामुळे सूज नसेल आणि फेरिटिन फारच खाली असेल तर कोमट पाण्यात लिंबू पिळून द्यावं, असं आमचं मत. मात्र सूज मूत्रपिंडाची किंवा हृदयाची नाही ना, हे मांडूर देण्याआधी पाहावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयुष आणि महिला व बालविकास मंत्रालयांनी करार करून पाच जिल्ह्यांत किशोरींच्या पांडूसाठी जो कार्यक्रम आखला, त्यात हेच पुनर्नवादी मांडूर आणि सोबत द्राक्षावलेह निवडला गेला. गडचिरोली त्या पाचांत आहे.

लोहासव १५ मिलिलिटर तेवढ्याच पाण्यात, जेवणानंतर. त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आणि गूळ असतो, म्हणून गर्भवती, मुलं, मधुमेही आणि यकृताचे रुग्ण यांनी टाळावं.

भस्म चांगलं आहे का, हे बघायला चिमूटभर संथ पाण्यावर टाकतात. तरंगलं तर वारितर. बोटांच्या रेषांत भरलं तर रेखापूर्ण. या दोन्ही परीक्षा बारीकपणा सांगतात. शिसं मिसळलंय का, हे त्यातून कळत नाही. आणि शिशाची विषबाधा स्वतःच पांडू घडवते: हिमोग्लोबिन घसरतं, पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतं. रक्त वाढायचं औषध घेऊन रक्त उतरू लागलं तर हा विचार मनात आलाच पाहिजे. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि जड धातूंचा तपासणी अहवाल देणाऱ्या उत्पादकाचंच भस्म घ्या. कागदाच्या पुडीतलं बिननावाचं नको.

गर्भवतीला सरकारी दवाखान्यातून ६० मिलिग्रॅम लोहाच्या गोळ्या रोज मिळतात. त्या थांबवून भस्म सुरू करू नये, आणि दोन्ही एकत्र घ्यायची तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना ठाऊक असावं. २५० मिलिग्रॅम लोहभस्मात कागदावर लोह भरपूर दिसतं. पण ते मुख्यतः ऑक्साइडच्या रूपात असतं आणि विरघळतं किती यावर सगळं अवलंबून. म्हणूनच मोजणी हवी.

थायरॉइडची गोळी आणि लोह यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत लोह कमी शोषलं जातं.

ताटात काय

बाजरी, नाचणी, मोड आलेली मटकी, राजगिऱ्याचा पाला, अळीव. मोड आणल्याने लोह अडवणारं फायटेट कमी होतं, म्हणून मटकी भिजवून शिजवण्यापेक्षा मोड आणून बरी. प्रत्येक जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू यातलं एक. लोखंडी कढईत आंबट भाजी केली की लोह उतरतं, पण भाजी रात्रभर कढईत राहिली तर काळी आणि कडवट होते. शिजली की काढून ठेवा. अळिवाचे लाडू बाळंतिणीला द्यावेत, गर्भवतीला नकोत ही जुनी पद्धत पाळण्यासारखी आहे. मांसाहार करणाऱ्यांना मटणाचं अळणी पाणी आणि नीट शिजवलेली कलेजी चांगली. त्यातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. गर्भवतीने कलेजी मात्र टाळावी, त्यात अ जीवनसत्त्व फार.

रक्त वाढायला तीळ भरपूर खा, असं हल्ली सर्वत्र सांगतात. ग्रंथात मात्र तिळाची पेंड, तिळाचं तेल, उडीद, वाल, अतिखारट, अतिआंबट आणि दिवसाची झोप पांडूच्या कारणांत मोजली आहेत. संक्रांतीचा लाडू खायला हरकत नाही. भूक मेलेल्या पोटावर रोज चार लाडू म्हणजे वेगळी गोष्ट.

पुन्हा कधी तपासायचं

चार आठवड्यांनी सीबीसी. हिमोग्लोबिन एक ग्रॅम तरी वाढलं असेल तर तोच कल्प पुढे चालू. हललं नसेल तर मात्रा वाढवत बसू नका: औषध नियमित घेतलं का, चहा सुटला का, रक्त अजून जातंय का, जंत, बी-१२, थॅलेसेमिया, हे एकेक तपासा आणि फिजिशियनकडे जा. कधी कधी शिरेतून लोह देणं हाच योग्य मार्ग असतो. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं, ताप येऊन हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर जांभळे डाग: यात त्याच दिवशी रुग्णालय.

हिमोग्लोबिन भरल्यावर औषध लगेच बंद करतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथेच येतात. साठा भरायला आणखी तीन महिने लागतात, तेव्हा फेरिटिन बघूनच थांबा. आणि डबी कपाटात वर, कुलपात ठेवा. लोहाच्या गोड, रंगीत गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात आणि मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.